न चाखलेला भात

गोंदियात ज्या हॉटेलचं स्वयंपाकघर मी सांभाळते, तिथली पोरं मागून माझी टिंगल करतात. "मॅडम तो उबला पानी भी चखती है," असं एकाने दुसऱ्याला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी त्यावर रागावले नाही. म्हणजे रागावले, पण निमित्त वेगळं होतं, वरणात मीठ कमी होतं. चाखल्याशिवाय माझ्या ओट्यावरून एक वाटी बाहेर जात नाही हे खरंच आहे. पोरांना वाटतं हा माझा स्वभाव. स्वभाव कसला, ठेच लागली की माणूस खाली बघून चालतो, तेवढंच.

आमचं गाव सौंदडच्या बाजूला. घरी धानाची शेती, म्हणजे वर्षभर बोलणं धानाचंच. रोवणा, निंदण, कापणी, मळणी. "जेवली का?" याचा अर्थ आमच्याकडे "भात खाल्ला का?" असाच होतो, पोळी खाऊन पोट भरलं असेल तरी आईला ते जेवण वाटत नाही. अशा घरातल्या मुलीने बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जायचं म्हटलं, तेव्हा बाबूजी अंगणात दोर वळत होते. ते आईला म्हणाले, "रांधाले शिकाले नागपूरले कायले जा लागते? तू कोणत्या कॉलेजात गेली होती, विचार तिले."

मी तिथेच होते, त्यांच्यापासून चार हातांवर. पण आमच्या घरात मुलगी आणि बाप यांचं बोलणं आईमार्फत चालायचं. माझं म्हणणं आईला सांगायचं, आईने ते बाबूजींना सांगायचं, आणि बाबूजींचं उत्तर त्याच रस्त्याने परत यायचं, तिघंही एकाच पडवीत बसलेले असलो तरी. भांडण नव्हतं, धाकही म्हणता येणार नाही. पद्धत होती. त्यात एक नियम मी लहानपणीच शिकून घेतला होता. बाबूजी "हं" म्हणाले की होकार. काहीच बोलले नाहीत, की नकार. यात्रेला जाऊ का, मैत्रिणीकडे मुक्काम करू का, सायकल घेऊ का, सगळं मी याच दोन खुंट्यांना टांगत आले होते.

नागपूरच्या बाबतीत ते बरेच दिवस काही बोलले नाहीत. मग एका सकाळी आईने परत विचारलं आणि ते "हं" म्हणाले. मी त्या दिवशी गायीलाही मिठी मारली होती.

कॉलेज झालं, नागपुरातल्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. नोकरी म्हणजे आधी नुसता कांदा, मग भाज्या, मग कधीतरी रस्सा. तिथल्या एका वरिष्ठ शेफनी मला त्या शिष्यवृत्तीचं सांगितलं. शेफ मंडळींचीच एक संस्था होती. पंचविशीच्या आतल्या होतकरू शेफना ती परदेशी पाठवायची, सहा महिने तिथल्या स्वयंपाकघरांत राबायला आणि शिकायला. मेहनत आपली, बाकी सगळं त्यांचं. त्या वर्षी पाठवणार होते उत्तर इटलीतल्या एका तांदळाच्या मुलखात. शेफ म्हणाले, "तू धानवाली आहेस ना? तुझ्यासाठीच आहे हे."

इटलीत धान होतं हेच मला नवीन होतं. रात्रंदिवस मोबाईलवर मी तेच बघत बसायचे. पाणी भरलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधून मातीचे धुरे, धुऱ्यावर बगळे. आमच्याच गावाचा फोटो म्हणून खपला असता. फक्त त्या लोकांची भात शिजवायची तऱ्हा निराळी. तांदूळ धुवायचा नाही, लोण्यात परतायचा, आणि थोडं थोडं गरम पाणी घालत उभं राहून ढवळत बसायचं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "धुवत नाही? अन् वरून हलवत बसते? मंग तूच जाऊन शिकव त्यायले."

पण मला खरंच जायचं होतं. इतकं कशासाठीच मन ओढलं नव्हतं. आपण जन्मभर जे खाल्लं तेच दुसऱ्या एका मुलखातले लोक कसं पेरतात, कसं शिजवतात, कशाला चांगलं म्हणतात, हे त्यांच्या चुलीपाशी उभं राहून बघायचं होतं. वयाच्या अटीत बसायचं ते माझं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी दार बंद.

पहिली चाळणी पार झाली, दुसरीही झाली. शेवटची परीक्षा पुण्याला. त्यात अट अशी होती की प्रत्येकाने आपल्या मुलखातला एक जिन्नस, शक्यतो त्या मोसमातला, सोबत आणायचा आणि त्याचं एक ताट करायचं. मी दिवाळीसाठी घरी आले होते. आईला सगळं सांगत होते आणि बाबूजी ऐकत होते, नेहमीसारखे, दुसरीकडे बघून. मी मोबाईलवरचा तो बांध्यांचा फोटो आईला दाखवला. आईने बघितला, आणि तिने काय मनात आणलं कोण जाणे, मोबाईल तसाच बाबूजींच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "यायचे धुरे पाहा कसे सरके हायत." एवढंच. "हं" नाही, काही नाही. धुरे सरळ आहेत, या वाक्याचा मी आपली रात्रभर अर्थ लावत पडले.

दुसऱ्या दिवशी उठले तर ते घरात नव्हते. आमच्या एका बांधीत घरच्यापुरतं वासाचं धान लावतात. त्याचा एक कोपरा आधी पिकला होता. तेवढाच त्यांनी कापून आणला, अंगणात झोडपला, वाळवला, आणि गिरणीवर जाऊन भरडून आणला. पिशवी उघडली तर पडवीभर वास. ती पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. आईच्या नाही, माझ्या. "पुण्याले ने," म्हणाले.

हे केवढं मोठं होतं ते सांगायला हवं. आमच्या घरी नवाखानी झाल्याशिवाय नवा तांदूळ कोणी तोंडात घालत नाही. खळं झालं की एक दिवस ठरतो. त्या दिवशी नव्या धानाचा भात शिजतो, आधी देवाला, मग पितरांना, मग घरातल्या थोरल्याला, म्हणजे बाबूजींना, आणि मग बाकी सगळ्यांना. तोवर घरात नवं धान नुसतं बघायचं. लहानपणी ओंबीतला एक दाणा सोलून खाल्ला म्हणून मी आईच्या हातची चापट खाल्लेली आहे. अशा घरात नवाखानीच्या आधी बाबूजींनी धान कापून, भरडून, माझ्या हातात दिलं होतं. रडायची सोय नव्हती, म्हणून मी पिशवीत नाक घालून वास घेत बसले.

निघायच्या दिवशी आईने पिशवीचं तोंड शिवलं. शिवता शिवता म्हणाली, "शिजवजो तिथं, पण तोंडात नोको टाकजो व. नवं व्हाचं हाय अजून."

मी बाबूजींकडे पाहिलं. ते मला स्टेशनवर सोडायला गाडी काढत होते. ते काही बोलले नाहीत.

सौंदडच्या फलाटावर मात्र बोलले. "पाणी कमी टाकजो. नवा हाय, गच्च होईन." मी मान हलवली. गोंदियाला गाडी बदलून पुण्याची धरली, आणि पिशवी उशाशी घेऊन झोपले.

पुण्यातलं ते स्वयंपाकघर लांबलचक होतं, स्टीलचं, लख्ख. आम्ही काही जण, प्रत्येकाला एक ओटा. कोणी कोकणातून कोकम आणलं होतं, कोणी डोंगरातला मध. परीक्षक तिघं. त्यातल्या एक बाई परदेशातून आल्या होत्या. वयस्कर, बारीक केस कापलेल्या, हात मागे बांधून सगळ्यांच्या ओट्यांमधून फिरायच्या. इटलीत जिथे पाठवणार होते, त्या स्वयंपाकघराच्या त्याच प्रमुख, असं कळलं. निवड त्यांचीच असणार होती.

माझं ताट साधं होतं. आमच्या तलावात मिळतात तसले, पुण्याच्या बाजारातून घेतलेले झिंगे, त्यांचा अंबाडी घालून आंबट रस्सा, आणि झिंग्यांच्याच डोक्यांचा अर्क काढून त्यात मऊ शिजवलेला नवा भात. सराव मी नागपुरात केला होता, पण तो जुन्या तांदळावर. जुना तांदूळ समजूतदार असतो, पाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. नवा तसा नाही. त्याने माझं सगळं लक्ष खाऊन टाकलं. बाबूजींचे शब्द आठवून पाणी कमी घातलं, आच कमी केली, दाणा चिमटीत दाबून बघितला, परत बघितला. भात शिजला तो असा शिजला की बाजूच्या ओट्यावरचा मुलगा वास घेत माझ्याकडे वळला.

रस्सा चाखला. आंबट नीट, तिखट नीट. रस्स्यातला झिंगा चाखला. आणि भाताकडे वळले तेव्हा लक्षात आलं, की अर्कात मीठ घातलं की नाही हे मला आठवत नाहीये.

मी डोकं खाजवलं. मिठाचा डबा उघडा होता, पण तो रस्स्यासाठीही उघडला असेल. घरी आमच्या साध्या भातात मीठ घालतच नाहीत, त्यामुळे हात आपोआप जातो असंही नव्हतं. मी भातावर वाकून वास घेतला. मिठाला वास नसतो.

त्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या. किती वेळ, मला कळलं नाही. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी बघते आहे. तू सगळं चाखलंस, भात सोडून. का?"

माझं इंग्रजी कामापुरतं. तरी मी सांगितलं. नवं धान, देव, पितर, थोरला, मग आपण. वडिलांनी हे माझ्यासाठी आधी कापलं, पण घरी नवाखानी व्हायची आहे. माझं सांगून संपल्यावर त्या म्हणाल्या, "सुंदर आहे हे. पण माझ्याकडे रोज तुझ्यासमोर काहीतरी नवीन येईल. माझ्या स्वयंपाकघरात माणूस आपण चाखत नाही ते दुसऱ्याला वाढत नाही." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक स्वच्छ चमचा काढून माझ्या ओट्यावर ठेवला. "अजून वेळ आहे. चाख. काही कमी असेल तर नीट कर. मी नंतर येते."

हे त्यांनी दुसऱ्या कोणासाठी केलं नसेल. मी आंधळी नव्हते. दार उघडून धरलं होतं त्यांनी.

मी चमचा उचलला. भातात घातला. ओठांपर्यंत आणला असेन. मी काही फार देवभोळी नाही. हॉटेलात चतुर्थीच्या दिवशी मी अंडी तळलेली आहेत, आणि तळताना कोपरा तोडून खाल्लाही आहे. देवाची भीती त्या क्षणी माझ्या मनात नव्हती. मनात होते बाबूजी, गाडी काढता काढता गप्प राहिलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही थेट माझ्या हातात दिलं होतं, आणि त्याच हाताने मी त्यांची पद्धत त्यांच्या पाठीमागे मोडायची? मला वाटलं ही चोरी होईल. ते पुण्यात नव्हते म्हणून तर जास्तच चोरी होईल.

माझा फोन एप्रनच्या खिशात होता. तो काढून बाबूजींना विचारावं, हे मला सुचलंच नाही. मी उभ्या जन्मात त्यांना फोनवर काही विचारलं नव्हतं. फोन आईला करायचा असतो. आणि आई तर सांगून मोकळी झाली होती.

मी चमचा खाली ठेवला. मीठही घातलं नाही, कारण आधी घातलं असेल तर दुप्पट होईल. ताट तसंच वाढलं.

बाईंनी एक घास खाल्ला. डोळे मिटून चघळला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच मला कळलं. "दाणा अप्रतिम शिजलाय," त्या हळू म्हणाल्या. "यात मीठ नाहीये."

निवड कोकमवाल्या मुलाची झाली. तो चांगला होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा मला रडू येत नव्हतं. उलट थोडा तोरा होता मनात. हरले ते हरले, पण घराचा मान राखून हरले, असं मी स्वतःला वर्ध्यापर्यंत समजावत आले. बाबूजींना कळलं की त्यांना बरं वाटेल, हेही ठरवून टाकलं होतं. असं खुळं समाधान मला परत कधी मिळालं नाही.

घरी नवाखानी थांबवून ठेवली होती, मी यायची म्हणून. आईने पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं. मी सांगितलं, नेहमीसारखं आईकडे बघून, पण बाबूजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. निवड झाली नाही. भातात मीठ राहून गेलं. चाखला असता तर कळलं असतं, पण मी चाखला नाही.

बाबूजी खाटेवर बसले होते. ते उठून उभे राहिले. आणि त्यांनी आईला नाही, मला विचारलं, "काऊन नाही चाखला?"

मी म्हणाले, "नवं व्हायचं होतं ना."

"मंग?"

"आई म्हणाली होती. तुम्ही काही बोलले नाही."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, पावसाने पीक झोपलेलं बघतानाही नाही. म्हणाले, "अवं पोरी, रांधणारी चाखनच. ते का सांगा लागते? मी कायले बोलू?" मग जरा खालच्या आवाजात, "या साली तुह्या तोंडात आधी जावं, म्हणूनच तं कापलं होतं ते."

"मी तं सवयीनं म्हणलं व माय," एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं खरंच होतं. दरवर्षी धान घरात आलं की ती "तोंडात नोको टाकजो" म्हणते, जसं दूध ओतू जाईल म्हणते. तिने सवयीने म्हटलं, त्यांनी सवयीने ऐकलं नाही, आणि मी सवयीने त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. तिघांपैकी एकालाही मला अडवायचं नव्हतं. माझा तोरा जिथल्या तिथे विरघळला. मग मात्र मी रडले. ओरडून रडले, शेजारची काकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली इतकी.

"फोन कराचा होता," बाबूजी म्हणाले. ते दोनदा म्हणाले.

त्या वर्षीची नवाखानी मुकाट झाली. पुढच्या वर्षी माझं वय निघून गेलं होतं. नंतर मी दुसरीकडे दोनतीन ठिकाणी प्रयत्न केले, पण त्या शिष्यवृत्त्या तरुणांसाठी असतात आणि तरुण म्हणजे काय हे त्यांचं ठरलेलं असतं. कोकमवाला मुलगा सहा महिन्यांनी परत आला. त्याने तिथल्या बांध्यांचे, चुलींचे, त्या बाईंचे फोटो टाकले. मी सगळे बघितले. एका फोटोत तो त्या बाईंच्या बाजूला उभा राहून भात ढवळतोय आणि दोघं हसतायत. तो फोटो मी बघायला नको होता. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. लोक म्हणतात नशिबात नव्हतं. मला ते ऐकलं की संताप येतो. नशिबाचा यात काय संबंध? बाई चमचा ठेवून गेल्या होत्या.

नागपूर सोडून मी गोंदियाला आले. इथलं काम बरं आहे, माणसं बरी आहेत, सुटीच्या दिवशी गाडीत बसलं की गाव जवळ आहे. माझ्या हाताखालची एक मुलगी आता अशाच एका शिष्यवृत्तीच्या मागे लागली आहे. तिला मी सगळं शिकवते. तिच्या घरी फोन करून तिच्या वडिलांशीही मीच बोलले, थेट. ते बिचारे गोंधळले, "हां हां, भेजो ना मॅडम," म्हणाले. इतकं सोपं असतं हे, विचारलं तर.

आमच्या घरी नवाखानी अजूनही होते. फक्त एक बदल झालाय, आणि तो कधी, कोणी ठरवला यावर घरात कोणी बोललेलं नाही. भात शिजला की देवापुढे पान मांडायच्या आधी बाबूजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात. गावातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं तर तोंडावर हात ठेवतील, पण बाबूजी पाटावर बसत नाहीत, हात जोडत नाहीत. मला म्हणतात, "चाख."

मी चाखते. ते माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी "बरोबर हाय" म्हणेपर्यंत हलत नाहीत, आणि मी लवकर म्हणते, कारण त्यांचं ते बघणं मला सोसत नाही. मग ते "हं" म्हणतात आणि देवाकडे वळतात. त्या दिवशी पुण्यातून फोन केला असता, तरी ते एवढंच म्हणाले असते.